वकिलांच्या ऑफिससाठी कागदपत्रांचा सर्व्हर: १४ जण, ३.२ लाख पानं, निम्म्याहून जास्त मराठी. आखणी तपासून हवी

करवीर_सिस्टिम (प्रश्न)

ऑफिस कोल्हापुरात. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं. त्याच्याकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आहेत. आधी मुंबईच्या सहकारी वकिलांकडे असणारी अपिलं आणि रिट याचिकांची बाडं आता इथेच येतात. शेअर केलेल्या फोल्डरवर हे निभणार नाही, म्हणून स्वतःचा सर्व्हर बसवायचा आहे.

माणसं: ९ वकील, ४ कारकून, एक मी. एका वेळी ८ ते १० जण काम करतात.

कागद: अंदाजे ३,२०,००० पानं, बरीचशी लीगल आकाराची. १,१०० प्रकरणं चालू, बाकी निकाली.

आधीचा डिजिटल माल: ४१० जीबी. पीडीएफ, वर्ड, फोनवरचे फोटो. २०१४ पर्यंतचे दावे आणि कैफियती श्रीलिपी व डीव्हीबी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत.

ठरवलेलं: उबंटू २४.०४, डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं), पेपरलेस-एनजीएक्स २ मालिका (स्कॅन केलेले कागद साठवणारं आणि शोधणारं सॉफ्टवेअर), पोस्टग्रेस (डेटाबेस). टॉवर सर्व्हर, ३२ जीबी रॅम, ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क आरशात (दोन्हींवर तोच डेटा). रोज रात्री यूएसबी डिस्कवर बॅकअप. ऑफिसातला स्विच १०० एमबीपीएसचा आहे, बदलावा का?

विचारायचं ते असं. (१) मशीन पुरेल का? (२) मराठी शोध नीट चालेल का? ‘जमीन’ टाकल्यावर ‘जमिनीचा’ सापडायला हवं. (३) प्रकरणाची ओळख म्हणून सीएनआर नंबरच (न्यायालयात प्रत्येक प्रकरणाला मिळतो तो क्रमांक) मुख्य ठेवावा का? (४) दोन भागीदारांची काही प्रकरणं एकमेकांना दिसू नयेत. (५) बॅकअप एवढा पुरे का? (६) सुरुवात कुठून करावी?

मिरजेचा_रूट

मशीनचं बघू. डिस्कच्या जागेची काळजी तुम्ही जास्त करताय आणि डिस्कच्या जातीची कमी.

३०० डीपीआयवर करड्या रंगात स्कॅन केलेलं पान दाबून सरासरी ०.४ एमबी धरा. ३.२ लाख पानांचे १२८ जीबी होतात. पेपरलेस मूळ फाइल ठेवतो आणि ओसीआर (पानाच्या चित्रातून मजकूर वाचणं) केलेली पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठीची पीडीएफ) प्रत वेगळी बनवतो, म्हणजे दुप्पट, साधारण २६० जीबी. जुने ४१० जीबी तसेच दुप्पट धरले तर एकूण १,१०० जीबीच्या आत. मजकूर तर किरकोळच: देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, २,००० चिन्हांचं पान ६ केबी, सगळा मजकूर मिळून २ जीबीसुद्धा नाही.

त्यामुळे ४ टीबीच्या फिरत्या डिस्क नकोत. १.९२ टीबीच्या दोन सर्व्हर-दर्जाच्या एसएसडी घ्या, वीज गेल्यावर आतला डेटा वाचवणाऱ्या कपॅसिटरवाल्या. ओसीआर चालू असताना तात्पुरत्या फाइलींची हजारो छोटी वाचनं-लेखनं होतात, त्याच वेळी डेटाबेस आणि शोधाची अनुक्रमणिकाही लिहीत असते. फिरत्या डिस्कवर दिवसा कारकुनांना प्रत्येक क्लिकला थांबावं लागेल. ३२ जीबी रॅम पुरते, पण ईसीसी (मेमरीतल्या चुका दुरुस्त करणारी) घ्या. झेडएफएस ही फाइल-प्रणाली वापरणार असाल तर त्याच्या कॅशला ८ जीबीची मर्यादा घाला.

खरा भार सीपीयूवर आहे. इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषा लावल्या की टेसरॅक्टला (ओसीआर करणारा प्रोग्राम) एका कोअरवर पानाला १० सेकंद लागतात असं धरून चला (स्वतःची २०० पानं चालवून हा आकडा दुरुस्त करा). ३.२ लाख पानं म्हणजे ३२ लाख सेकंद, एका कोअरवर ३७ दिवस. ८ कोअरच्या सीपीयूवर ६ पानं समांतर चालवली तर सहा दिवसांच्या आसपास. कामगार-प्रक्रिया ६ आणि प्रत्येकीला धागा १, असं ठेवा. धागे वाढवून टेसरॅक्टचा वेग फारसा वाढत नाही, कोअर मात्र एकमेकांशी भांडत बसतात. रात्री ६, दिवसा ३.

स्विच बदला. १०० एमबीपीएसवर सेकंदाला ११ एमबीच्या आसपास मिळतात. ६० एमबीचं पेपरबुक उघडायला पाच-सहा सेकंद, आणि तेवढ्यात दुसऱ्याने तसंच बाड उघडलं की दोघंही लटकले. गिगाबिटवर सेकंदाच्या आत.

वीज: सर्व्हर, स्विच आणि राउटर मिळून २०० वॉट धरा, १ केव्हीएचा यूपीएस पुरे. त्याची यूएसबी केबल सर्व्हरला लावा आणि नेटवर्क यूपीएस टूल्स बसवून बॅटरी ५० टक्क्यांवर आली की सर्व्हर आपणहून बंद होईल असं करा. केबल न लावलेला यूपीएस म्हणजे अपघात वीस मिनिटं पुढे ढकलणं. घरगुती चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर सर्व्हर ठेवू नका. अर्थिंगही तपासून घ्या: न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी इलेक्ट्रिशियन, मग सर्व्हर.

डॉकरमध्ये कुठल्याही प्रतिमेला (इमेज, म्हणजे प्रोग्रामचा तयार संच) ‘लेटेस्ट’ असं लिहू नका, नेमका आवृत्ती क्रमांक लिहा. पोस्टग्रेसची १६ ची प्रतिमा १७ ने बदलली तर तो जुना डेटा-फोल्डर उघडतच नाही. आधी डंप (डेटाबेसची पूर्ण नक्कल), मग नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये भरणी. दुसरी चूक कमी ठाऊक असते: आवृत्ती तीच ठेवून डेबियनवरची प्रतिमा काढून अल्पाइनवरची (दोन्ही लिनक्सचे वेगळे प्रकार) लावली, तर मजकुराचा क्रम लावणारी लायब्ररी बदलते आणि मजकुरावरचे इंडेक्स चुकीचे ठरतात. एररही येत नाही. काही नोंदी नुसत्या सापडेनाशा होतात.

अक्षरओळख

ओसीआरवर बोलते, कारण तुमच्या २०१४ पूर्वीच्या मालात मोठा खड्डा आहे.

श्रीलिपी, डीव्हीबी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलीत आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. अशा वर्ड फाइलीची पीडीएफ केली की तिच्यात ‘मजकूर’ असतोच, फक्त तो निरर्थक असतो. पेपरलेसचा ओसीआर मूळ सेटिंगमध्ये मजकूर असलेली पानं वगळतो. म्हणजे नेमक्या याच पीडीएफ ओसीआरशिवाय आत जाणार, यादीत हिरव्या दिसणार आणि शोधात कधीच येणार नाहीत.

उपाय असा. भरणीआधी सगळ्या पीडीएफवर पॉपलर या साधनसंचातलं पीडीएफफॉन्ट्स चालवा, ते प्रत्येक फाइलीतल्या फॉन्टची नावं देतं. फॉन्टच्या नावात श्री, डीव्ही वगैरे असलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. त्यांच्यासाठी ओसीआरची पद्धत ‘फोर्स’ ठेवा. ‘रीडू’ उपयोगाची नाही: ती फक्त आधीच्या ओसीआरचा अदृश्य थर काढते, दिसणाऱ्या फॉन्टच्या मजकुराला हात लावत नाही. ‘फोर्स’ पानाचं चित्र करून नव्याने वाचतो. फाइल फुगते, ते चालवून घ्या. हे काम एका वेगळ्या भरणीत उरका आणि सेटिंग परत ‘स्किप’वर आणा. नाहीतर न्यायालयातून आलेल्या स्वच्छ पीडीएफचंही चित्र होईल.

वर्ड फाइली सर्व्हरवर थेट टाकू नका. सर्व्हरवर ते फॉन्ट नाहीत, त्यामुळे रूपांतरात अक्षरांचा चिवडा होईल आणि त्या चिवड्यावर ओसीआरसुद्धा काही करू शकत नाही. ज्या विंडोज मशीनवर ते फॉन्ट परवान्यासह बसवलेले आहेत तिथूनच पीडीएफ काढा. ते मशीन भंगारात देण्याआधी हे काम संपवा.

भाषा: कंटेनरमध्ये मराठीचं पॅकेज आपोआप नसतं, ते सेटिंगमधून जादा बसवावं लागतं. बसवणं आणि वापरायची भाषा ठरवणं या दोन वेगळ्या ओळी आहेत. पहिली विसरलात तर ओसीआर एरर देऊन थांबतो, दुसरी विसरलात तर मराठी पानाचं इंग्रजी ‘वाचन’ बिनतक्रार होतं. दुसरी चूक जास्त वाईट. मराठी प्रमुख असलेल्या कागदांना ‘मराठी अधिक इंग्रजी’ असा क्रम द्या.

हाताने लिहिलेले जुने सातबारे, फेरफार आणि मोडीतले दस्त यांच्याकडून ओसीआरची अपेक्षा ठेवू नका. जो मजकूर निघेल तो शोधात कचराच भरेल. त्यांना ‘हस्तलिखित’ असा टॅग लावा, आणि गाव, गट नंबर, फेरफार नंबर, तारीख एवढं कारकुनाने हाताने भरायचं.

स्कॅनरबद्दल दोन ओळी. आपोआप कागद ओढणारा घ्या, लीगल म्हणजे १४ इंच लांबी घेणारा आणि एकावर एक दोन कागद गेले तर अल्ट्रासॉनिकने ओळखणारा. ए४ च्या काचेवर लीगल कागदाच्या खालच्या तीन-चार ओळी, म्हणजे नेमकी सही-शिक्क्याची जागा, कापली जाते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कागद सर्दावतात आणि जोडीने ओढले जातात. आदल्या रात्री एसीच्या खोलीत ठेवले तर फरक पडतो. मुद्रांक कागद आणि लाखेचे शिक्के असलेले दस्त मात्र काचेवरच. ‘कोरं पान आपोआप काढा’ हे बंद ठेवा: साक्षांकित प्रतीच्या पाठपोट पुसट शिक्का असतो, स्कॅनरला ते पान कोरं वाटतं.

शोधपत्रे

प्रश्न २ चं सरळ उत्तर: नाही. पेपरलेस २ मालिकेतला अंगभूत शोध मराठीसाठी टिकत नाही, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे.

आत व्हूश ही पायथॉनची लायब्ररी आहे. ती मजकुराचे शब्द पाडते ते पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनने. त्या व्याख्येत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही ‘शब्दातली अक्षरं’ नाहीत. त्यामुळे शब्द प्रत्येक मात्रेपाशी तुटतो, आणि एका अक्षराचे तुकडे फेकून दिले जातात. ‘जमीन’चं उरतं ‘जम’. ‘सातबारा’चं उरतं ‘तब’. ‘दिवाणी’चे तिन्ही तुकडे एकेका अक्षराचे, म्हणून उरतं शून्य. बसवल्यावर पहिली चाचणी हीच करा: एक मराठी कागद भरा आणि ‘दिवाणी’ शोधा.

यावर तोडगा म्हणजे पेपरलेस साठवणीसाठी ठेवायचा आणि मजकुराचा शोध शेजारी ओपनसर्च या वेगळ्या शोध-इंजिनवर द्यायचा. कागद आत गेल्यावर पेपरलेस एक स्क्रिप्ट चालवू शकतो. त्या स्क्रिप्टने पीडीएफ/ए प्रतीतून पानागणिक मजकूर काढून ओपनसर्चला द्यायचा. नोंद कागदाची करू नका, पानाची करा. ४०० पानांच्या पेपरबुकात ‘शब्द सापडला’ एवढं उत्तर वकिलाच्या काय कामाचं? ‘पान २१४’ हवं.

विश्लेषक (मजकुराचे शोधण्याजोगे शब्द करणारा भाग) असा बांधा. शब्द पाडायला ‘स्टँडर्ड’, तो युनिकोडच्या नियमाने पाडतो, मात्रांवर तुटत नाही. मग गाळण्या क्रमाने: लोअरकेस, दशमान अंक, इंडिक नॉर्मलायझेशन, हिंदी नॉर्मलायझेशन. हिंदीचा स्टेमर (प्रत्यय छाटून मूळ शब्द काढणारा) मात्र लावू नका.

दशमान अंकांच्या गाळणीने ‘गट नं. १२३’ आणि इंग्रजी अंकांतला तोच नंबर एकच होतो. सातबाऱ्यावर एक, दाव्यात दुसरा, हे रोजचं आहे. हिंदी नॉर्मलायझेशन नाव हिंदी असलं तरी मराठीच्या फार उपयोगाचं: दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करतं, ऑ चा ओ करतं, नुक्ता काढतं, ‘दुसऱ्या’तलं र्‍य लिहिण्याचे वेगवेगळे प्रकार एका जागी आणतं, न दिसणारे जोडणी-चिन्ह काढून टाकतं. तुमच्या उदाहरणात ‘जमीन’चं ‘जमिन’ होतं आणि ‘जमिनीचा’चं ‘जमिनिचा’. आता शब्दाच्या सुरुवातीवरून शोधलं की दोन्ही सापडतात. मूळ रूपात हे होत नाही, कारण मराठीत सामान्यरूप होताना उपान्त्य दीर्घ ऱ्हस्व होतं. ल्युसीनमध्ये (ओपनसर्चच्या पोटातली शोध-लायब्ररी) मराठीचा स्वतःचा स्टेमर नाही, आणि हिंदीचा -च्या, -ला, -हून ओळखत नाही, उलट शेवटचे स्वर छाटून भलतेच शब्द एक करतो.

सुरुवातीवरून शोधण्यासाठी शब्दाच्या डाव्या टोकापासूनचे तुकडे अनुक्रमणिकेत ठेवा, कमीत कमी ४, जास्तीत जास्त १५ चिन्हांचे. ३ ठेवू नका. काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हं मोजली जातात. तिनाचा तुकडा म्हणजे बहुधा जेमतेम दोन अक्षरं.

गट नंबर, प्रकरण क्रमांक आणि नावं वेगळ्या, न तोडलेल्या रकान्यांत. ‘१२३/२/अ’ मजकुरात टाकलं की तिरप्या रेघेवर तुटतं, आणि मग ‘अ’ शोधताना सगळं ऑफिस सापडतं.

आकारमान छोटं आहे, ओपनसर्चला ४ जीबी हीप (त्याची राखीव मेमरी) पुरे. होस्टवर (खुद्द सर्व्हरवर) व्हीएम मॅक्स मॅप काउंट हे सेटिंग २,६२,१४४ करा, नाहीतर तो सुरू होताना अडू शकतो. डिस्क ८५, ९० आणि ९५ टक्के भरल्यावर तो तीन टप्प्यांत आखडतो. ९५ ला अनुक्रमणिका फक्त-वाचनाची होते: जुने कागद सापडत राहतात, नवे कागद येत नाहीत, आणि तुमच्या स्क्रिप्टने एरर गिळली असेल तर कुणाला पत्ताच लागत नाही. रोज पहाटे पेपरलेसमधल्या कागदांची संख्या आणि ओपनसर्चमधल्या वेगवेगळ्या कागद-क्रमांकांची संख्या जुळवा. न जुळल्यास मेल.

दप्तरदार

शोधपत्रेंचं तांत्रिक म्हणणं पटतं, पण क्रमाला माझा विरोध आहे. वकिलाच्या ऑफिसात बहुतेक वेळा विचारलं जातं ते ‘अमक्याच्या दाव्यातला निशाणी ५ चा अर्ज द्या’ किंवा ‘तमक्या गटाचं खरेदीखत कुठंय’. हे मजकुराचे शोध नाहीत, नोंदवहीचे आहेत. नोंदी नीट भरल्या तर ओपनसर्च तीन महिन्यांनी आणलं तरी चालेल. नोंदी कच्च्या राहिल्या तर ओपनसर्चने कचऱ्यातून कचरा लवकर सापडेल, एवढंच.

शिवाय त्यात एक भोक आहे, ते त्यांनी सांगितलं नाही. शेजारच्या शोधाला पेपरलेसच्या परवानग्या ठाऊक नसतात. भागीदारांची भिंत पेपरलेसमध्ये उभी केलीत आणि ओपनसर्चच्या निकालात त्याच कागदाच्या चार ओळी दिसल्या, तर भिंत कसली? प्रत्येक पानाच्या नोंदीत मालक आणि गट घालून निकाल गाळावे लागतील. आणि नंतर परवानगी बदलली तर आत घेतानाची स्क्रिप्ट पुन्हा चालत नाही, म्हणून रोज रात्री परवानग्यांची वेगळी जुळणी हवी.

पेपरलेसमधलीच परवानगी घसरते ती अशी: ज्या कागदाला मालक नाही तो, बघण्याचा सर्वसाधारण हक्क असलेल्या सगळ्यांना दिसतो. आणि फोल्डरमधून आत घेतलेल्या कागदाला मालक नसतो. त्यामुळे प्रत्येक गटाला वेगळा उपफोल्डर आणि वर्कफ्लोने (पेपरलेसचे आपोआप लागणारे नियम) आत येतानाच मालक व गट लावणं, हे पहिला कागद भरण्याआधी. नंतर ५०,००० कागदांवर लावत बसू नका.

आता सीएनआर. १६ चिन्हांचा तो क्रमांक (राज्य २, जिल्हा २, न्यायालय २, अनुक्रम ६, वर्ष ४) रकाना म्हणून हवाच, मुख्य ओळख म्हणून नको. नोटीस पाठवता तेव्हा प्रकरण ऑफिसात सुरू झालेलं असतं, न्यायालयात नसतं, मग सीएनआर कुठून आणणार? दावा, त्यावरचं अपील, नंतरची दरखास्त, प्रत्येकाचा क्रमांक वेगळा, अशील आणि कागद मात्र तेच. ऑफिसचा स्वतःचा क्रमांक ठेवा, वर्ष आणि अनुक्रम, जसं २०२५-०४१७, आणि त्याखाली सीएनआर, रे.मु.नं. (दिवाणी दाव्याचा क्रमांक), अपील क्रमांक असे कितीही बसू द्या.

फाइलींची नावंही त्याच क्रमांकावरून, अशिलाच्या मराठी नावावरून नको. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, देवनागरीत ती ८५ चिन्हांत संपते. ‘श्रीमती … वगैरे ७ विरुद्ध महाराष्ट्र शासन व इतर – तूर्तातूर्त ताकीद अर्जावरील म्हणणे’ एवढ्यातच फाइल अडकते.

कागदाचे प्रकार २० च्या आत ठेवा: दावा, कैफियत, अर्ज, म्हणणे, शपथपत्र, आदेश, निकाल, रोजनामा, वकीलपत्र, खरेदीखत, मुखत्यारपत्र, सातबारा, फेरफार, पत्रव्यवहार… ‘इतर’ ठेवलात तर सगळं त्यातच जाईल. निशाणी नंबर हा प्रकार नव्हे, रकाना आहे.

एकच खरेदीखत तीन प्रकरणांत लागतं. तीच फाइल दुसऱ्यांदा टाकली तर चेकसम (फाइलीवरून काढलेला ठसा-आकडा) जुळतो म्हणून २ मालिका ती नाकारते. ते बरोबरच आहे. कागद एकदाच, प्रकरण क्रमांकाचे टॅग तीन. तोच कागद पुन्हा स्कॅन केला तर मात्र चेकसम वेगळा येतो आणि दुसरी प्रत शिरते. म्हणून स्कॅन करण्याआधीच कागदावर अनुक्रमांकाचं बारकोड लेबल चिकटवा. पेपरलेस ते वाचतो, आणि लेबल दिसलं की कारकून पुन्हा स्कॅन करत नाही.

बाड स्कॅन करताना प्रत्येक निशाणीच्या आधी पॅच-टी बारकोडचं दुभाजक पान घाला. २०० पानं एका दमात ओढली तरी आत वेगवेगळे कागद होतात.

करवीर_सिस्टिम

‘दिवाणी’ची चाचणी आत्ताच चाचणी-मशीनवर केली. शून्य निकाल, कागद समोर असताना. बरं झालं विचारलं.

दोन गोष्टी उरल्या. बॅकअप, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या दृष्टीने मूळ फाइल कशी जपायची? शिवाय ऑफिसचं जुनं झेरॉक्स-स्कॅनर मशीन सर्व्हरच्या फोल्डरला जोडलंच जात नाही, पासवर्ड बरोबर असूनही.

मिरजेचा_रूट

शेवटचं आधी. ते मशीन एसएमबी या फाइल-शेअरिंग पद्धतीची पहिली आवृत्तीच बोलत असणार. सांबा (लिनक्सवर तीच पद्धत चालवणारा प्रोग्राम) ४.११ पासून ती मुळातच बंद असते. ती सर्व्हरवर चालू करू नका. मशीन एफटीपीवर स्कॅन पाठवू शकत असेल तर तसं करा, नाहीतर जुन्या छोट्या डबड्यावर वेगळी चावडी (मधला फोल्डर) उभी करून तिथून फाइली उचला. आणि नेटवर्कवरून हळूहळू उतरणारी फाइल अर्धवट असतानाच पेपरलेस उचलतो, मग ‘ही पीडीएफ नाही’ म्हणतो. वेगळ्या फोल्डरमध्ये पूर्ण उतरू द्या आणि मग त्याच डिस्कवर आत सरकवा. आत घेण्याचा फोल्डर दुसऱ्या एनएएसवरून (नेटवर्कवरचा डिस्कचा डबा) माउंट केलेला असेल तर बदल झाल्याची सूचना येतच नाही, तिथे ठराविक वेळाने तपासण्याचं सेटिंग लावा.

बॅकअप. रोज त्याच यूएसबी पोर्टला लटकलेली डिस्क म्हणजे सर्व्हरचाच एक भाग. रॅन्समवेअर, वीज पडणं, चोरी, तिन्हींत ती बरोबरच जाते. दोन डिस्कचा आरसा तर बॅकअप नव्हेच, चुकून पुसलेलं तो दोन्हीकडे इमानदारीने पुसतो.

करायचं असं. रोज रात्री आधी पोस्टग्रेसचा डंप, मग फाइलींची प्रत. क्रम महत्त्वाचा: डंप आधी घेतला तर त्यात नोंदलेली प्रत्येक फाइल नंतरच्या प्रतीत असतेच, चार जास्तीच्या आल्या तर बिघडत नाही. उलटं केलंत तर मधल्या वेळेत आलेल्या कागदाची नोंद राहील आणि फाइल नसेल. भरणी रात्रीच चालते, त्यामुळे हे होणारच. रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअप प्रोग्रामने दुसऱ्या इमारतीतल्या छोट्या मशीनवर, आणि तिकडचं खातं फक्त भर घालू शकेल, पुसू शकणार नाही असं. तिसरी प्रत दोन यूएसबी डिस्कवर आळीपाळीने, एक कायम ऑफिसबाहेर. कूटबद्धतेची किल्ली कागदावर छापून लॉकरमध्ये. ती फक्त सर्व्हरवर असेल तर सर्व्हर गेल्यावर बॅकअप असून नसल्यासारखा.

दर तीन महिन्यांनी रिकाम्या मशीनवर परत उभं करून बघा: डंप भरा, फाइली ठेवा, पेपरलेसचा सॅनिटी चेकर चालवा (तो प्रत्येक फाइलीचा चेकसम नोंदीशी ताडतो), आणि कुठलेही दहा कागद उघडा. किती तास लागले ते लिहून ठेवा. वकील तेच विचारणार आहेत.

कारकुनांना फक्त आत टाकायचा फोल्डर दिसू दे. साठवणीचा फोल्डर सांबावर कधीच देऊ नका, ‘फक्त वाचायला’ म्हणूनही नको. तिथून फाइल उचलली की परवानग्या आणि नोंद दोन्ही टळतात. बाहेरून यायचं असेल तर वायरगार्ड (व्हीपीएन). राउटरवर पोर्ट उघडून पेपरलेस थेट इंटरनेटवर ठेवू नका.

दप्तरदार

पुराव्याबद्दल. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. जुन्या साक्ष कायद्यातल्या कलम ६५ब ची जागा कलम ६३ ने घेतली. सोबतच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलीचं हॅश मूल्य (फाइल बदलली तर बदलणारा ठसा-आकडा) आणि ते कुठल्या पद्धतीने काढलं हे भरावं लागतं. त्यामुळे सर्व्हरच्या आखणीला थेट तीन नियम लागतात.

पहिला: फाइल आत जाण्याआधी एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढून रकान्यात टाका, कुणाकडून, कशावर आणि कधी मिळाली यासह. आत गेल्यावर काढलात तर मधल्या वाटेचा प्रश्न उरतोच. दुसरा: हॅश मूळ फाइलीचा. ओसीआर झालेली पीडीएफ/ए ही वेगळी फाइल आहे, तिचा हॅश वेगळा येतो. डाउनलोडच्या बटणावर पीडीएफ/ए प्रत आधी येते, मूळ प्रत मुद्दाम निवडावी लागते, हे कारकुनाला दाखवून ठेवा. डिजिटल सही असलेल्या आदेशांचंही तेच: सही मूळ फाइलीतच शाबूत असते. तिसरा: व्हॉट्सॲपवर आलेला फोटो ही आधीच दाबून लहान झालेली प्रत असते. ती ठेवा, पण मूळ फोन कुणाकडे आहे हे त्याच दिवशी रकान्यात लिहा. दोन वर्षांनी पुरावा नोंदवताना तो फोन विकलेला असतो.

आणि सहावा प्रश्न. सर्व्हर दोन दिवसांत उभा राहील, ओसीआर आठवड्यात होईल. स्कॅनिंगला मात्र तारा काढणं, पिना काढणं, पानं सरळ करणं, पुन्हा बांधणं हे सगळं धरून एक माणूस दिवसाला २,५०० पानांच्या पुढे क्वचित जातो. ३.२ लाख पानं म्हणजे १२८ कामाचे दिवस, एका माणसाचं जवळजवळ अर्धं वर्ष. म्हणून निकाली प्रकरणांना हात लावू नका. पुढच्या ३० दिवसांच्या बोर्डावर असलेली प्रकरणं आधी. तारीख जवळ आलेली फाइल तशीही कपाटातून निघणारच आहे, ती स्कॅनरवरून जाऊनच वकिलाच्या टेबलावर पोचेल एवढं बघा. निकाली बाडातला कागद कुणी मागितला, की तेवढं बाड.

शोधपत्रे

परवानग्यांचं भोक मान्य. पानाच्या नोंदीत मालक-गट घालण्याचं मी आधीच लिहायला हवं होतं. फक्त एक: ओपनसर्च नंतर आणलंत तरी पानागणिक मजकूर आत्तापासून वेगळ्या फाइलींत काढून ठेवा. नंतर १,००० जीबी पीडीएफ पुन्हा उघडत बसण्यापेक्षा २ जीबी मजकूर ओतणं एका दुपारचं काम आहे.